बानूबाईचा तिसरा भाग

तात्याबा लासुर्ण्याचं वाचनालय चालवायचा असं मी सांगितलं की लोकांना वाटतं, इमारत असेल, पंखे असतील, टेबलखुर्च्या असतील. कसलं काय! गावानं दिलेली एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि दारात एक बाकडं. पाटी होती, पण वाऱ्यानं ती पडली तेव्हा तात्याबानं ती कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून सारली. मी रागावलो, तर मलाच म्हणाला, "वाचनालय कुठं हाय ते गावाला ठावं हाय, आप्पासायेब. कपाटालाच सरळ उभं ऱ्हायाचं ठावं न्हवतं."

मी इंदापूरच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. स्टँडच्या मागं, सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचे भोंगे ऐकत माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. माझ्या नाकावर राग असतो असं घरी-दारी सगळेच म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण तात्याबावर राग धरून बसणं मला उभ्या जन्मात जमलं नाही. तो समोर आला की मी ओरडायला तोंड उघडायचो आणि चहा सांगून मोकळा व्हायचो.

त्याचं घराणं मेंढरामागं फिरणारं, मूळचं सुप्याकडचं. तो लहान असताना बापानं एका मास्तरांच्या रानात मेंढरं बसवली. म्हणजे काय, तर रात्री कळप शेतात बसतो, लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. तात्याबाचा बाप म्हणाला, "मास्तर, जवारी नगं. पोराला अक्षरं द्या." मास्तरांनी ते मनावर घेतलं. पुढं दरसाली कळप त्या रानात बसायचा आणि तात्याबा मास्तरांच्या ओसरीवर. असं अक्षर मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नंतर कालव्यानं ऊस आला, चरायची रानं गेली, कळप विकला. तात्याबा लासुर्ण्यात स्थिरावला, साखर कारखान्याच्या फाटकावर राखणदारी केली आणि निवृत्त झाल्यावर ही खोली उघडून बसला.

त्याची बायको बानूबाई. तिला अक्षर म्हणून ओळखीचं नव्हतं, पण ऐकायला बसली की अशी बसायची, की वाचणाऱ्याला पान गाळायची हिंमत होऊ नये. दिवेलागणीला तात्याबा मोठ्यानं वाचायचा आणि ही मध्येच त्याला थांबवून कथेतल्या माणसांना शिव्या द्यायची. "मुडदा बशिवला त्या दिराचा! फुडं वाचा." तिच्या छातीचं दुखणं निघालं, पायावर सूज आली, डॉक्टरांनी खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून तर ही दिवेलागणच तिचा सगळा दिवस झाली.

आता दोन कपाटांतली पुस्तकं किती दिवस पुरणार? म्हणून तात्याबा माझ्याकडून न्यायचा. माझ्याकडं नसलं की बारामतीच्या एका वाचनालयातून मागवायचा. कागद नाही, शिक्का नाही. एस.टी.चा कंडक्टर दत्तोबा कापडी पिशवी घेऊन जायचा आणि घेऊन यायचा. त्याला कधी तिकीट फाडायला सुचलं नाही आणि आम्हीही कधी त्याला आठवण करून दिली नाही.

फक्त एक होतं. पिशवी लासुर्ण्याहून परत निघाली की तिच्यात पुस्तकाबरोबर काहीतरी असायचंच. भुईमुगाच्या शेंगा, ओंजळभर बोरं, नाहीतर हुलगे. बानूबाईचा हुकूम! शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर तिची वाटी कुणी रिकामी परत देतं का? साखरेची चिमूट तरी घालतोच ना आपण. मग पुस्तकाची पिशवी रिकामी कशी धाडायची?

"वैनी, पिशवी रिकामी कुठं असते? पुस्तक असतं की तिच्यात," मी एकदा म्हणालो.

"पुस्तक त्यांचंच. त्यांचंच त्यांना दिलं तर आपलं काय दिलं?" ती म्हणाली. मी मुकाट शेंगा सोलायला घेतल्या.

तर सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. एका मोठ्या घराण्याची तीन भागांची जुनी कादंबरी तात्याबानं बारामतीहून मागवली होती. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या घराण्याची थोरली सून भरल्या घरातून निघून जाते आणि तिची तान्ही मुलगी उंबऱ्यात रडत राहते. तिथं भाग संपतो. बानूबाई रात्रभर तळमळली म्हणे. सकाळी तात्याबाला म्हणाली, "आजच्या गाडीनं धाडा ह्ये, आन् म्होरचं मागवा." आणि पिशवीत तिनं नव्या गुळाचा खडा ठेवला. गोड गोष्ट हवी, म्हणजे तिसरा भाग लवकर येईल, हा तिचा हिशेब.

वैशाखाचं ऊन. दत्तोबानं पिशवी नेहमीप्रमाणं ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवली. गुळाचं पुढं काय झालं हे मी सांगायला नको. दुसरा भाग पाक होऊन बारामतीला उतरला. कुणीतरी न बघताच पिशवी कपाटात सरकवली आणि रात्रीतून मुंग्यांनी तो सगळा कप्पा ताब्यात घेतला.

बारामतीच्या ग्रंथपाल होत्या शितोळेबाई. बाई शिस्तीच्या, पण दुष्ट नव्हत्या, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुस्तकावर पाण्याचा थेंब दिसला तरी त्या पदरानं टिपायच्या. त्यांनी ती मुंग्या लागलेली पानं एकेक करून पुसली, सावलीत वाळत घातली आणि मग निरोप धाडला. लासुर्ण्याशी देवघेव बंद. दिल्लीत समिती बसली आहे. देशातल्या ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं कशी द्यावीत याची मार्गदर्शक तत्त्वं तयार होत आहेत. ती येतील, मग पाहू.

मी भडकलोच. शेंगा खाताना बरं चालत होतं! पण तात्याबा मलाच हात जोडायला लागला. "बाईंचं बरुबर हाय. मी त्या जागी असतो तर मी बी तसंच केलं असतं. गूळ आमचा, मुंग्या आमच्या." आणि मग हळूच म्हणाला, "पर दिल्लीची तत्त्वं कवा येत्याल वं?"

मी पुण्याच्या दुकानांत विचारलं, सोलापुरात विचारलं. ती कादंबरी पुन्हा छापलीच नव्हती. माझ्या ओळखीच्या कुठल्याच वाचनालयात तिसरा भाग नव्हता. तो होता फक्त बारामतीत, शितोळेबाईंच्या कुलपात. आणि इकडं लासुर्ण्यात बानूबाईची सूज पायावरून वर चढत होती. डॉक्टर तात्याबाला बाजूला घेऊन बोलायला लागले होते. मी भेटायला गेलो की ती एवढंच विचारायची, "आप्पासायेब, लेकराला न्यायला आली का वं ती परत? येवढं कळू द्या. मग यम आला तरी त्याला म्हनंन, चल बाबा." मी मान खाली घालून चहा प्यायचो.

श्रावणात त्या तत्त्वांचा मसुदा आला. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या वाचनालयांनी एकत्र बसून हरकती-सूचना द्यायच्या, त्या पुढं दिल्लीला जायच्या. बैठक ठेवली बारामतीच्या एका मंगल कार्यालयात, कारण तेवढ्या खुर्च्या तिथंच होत्या. आदल्या दिवशीच्या मंगळागौरीच्या अक्षता पायाखाली करकरत होत्या आणि व्यासपीठावर, नवरानवरी बसतात त्या लाल कोचावर, पुण्याहून आलेले साहेब बसले होते. मी तात्याबाला बरोबर घेतलं. तो धुतलेलं पांढरं धोतर आणि पागोटं घालून आला, जणू सोयरीक जुळवायलाच निघालाय.

साहेब माणूस बरा होता. मसुदा वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा. पुस्तक किती दिवसांसाठी द्यायचं, टपालाचा खर्च कुणी करायचा, बांधणी कशी करायची. एक कलम होतं, की फार जुनं, मोलाचं पुस्तक असेल तर ते ज्या ग्रंथालयाचं आहे तिथल्या जबाबदार माणसाच्या समक्षच वाचायला द्यावं. हे असले मोलाचे ग्रंथ आमच्या कुणाच्या कपाटात होते? सगळे जांभया देत होते. मग आलं नुकसानीचं कलम. पुस्तक खराब केलं तर त्या ग्रंथालयाशी देवघेव स्थगित.

तात्याबा उभा राहिला. मी त्याचं धोतर ओढलं, पण तो बसेना.

"सायेब, म्या गूळ घातला पुस्तकात," तो म्हणाला. सगळं कार्यालय हसलं. मागं कुणीतरी "शिरा केला काय?" म्हणून विचारलंही. मी वळून असं पाहिलं, की तो गप्प झाला.

"माझी येकच सूचना हाय," तात्याबा म्हणाला. "वाचनारा मधीच आसल, तर त्याला शेवटापातूर जाऊ द्या. मग काय शिक्षा करायची ती करा. आमी न्हाय म्हननार न्हाय. पर गोष्टीच्या मधी मानसाला सोडू नगा."

साहेबांनी चष्मा काढला. "आजोबा, भावना कळली. पण नियमात लिहायचं तर 'मध्येच' म्हणजे काय, ते ठरवावं लागेल. किती पानं झाली म्हणजे मध्येच?"

तात्याबाला हे ठरवता येईना. तो खाली बसला. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. ती सूचना दिल्लीला पोचली की नाही, देव जाणे. दुसऱ्या ओळीत शितोळेबाई बसल्या होत्या. त्यांनी पूर्ण वेळ मसुद्यातून डोकं वर काढलं नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलंच. माझ्या जिभेला हाड नाही. "बाई, दिल्लीची तत्त्वं यायला वर्षं लागतील. त्या बाईकडं तेवढे महिने पण नाहीत. बैल गेला नि झोपा केला, असं व्हायचंय हे. तुमचा नियम घेऊन तुम्ही तिच्या तेराव्याला या!"

असं बोलू नये. मला ते कळत होतं आणि तरी मी बोललो. बाईंचा चेहरा पांढरा पडला. कप खाली ठेवून त्या निघून गेल्या. परतीच्या गाडीत तात्याबा खिडकीकडं तोंड करून बसला. लासुर्णे फाट्यावर उतरताना मात्र म्हणाला, "कुणाला तेरावं काढून बोलू नये, आप्पासायेब. बानी ऐकंल तर तुमाला शेंगा द्यायची न्हाय."

त्यानंतरच्या सोमवारी मी लासुर्ण्यातच होतो. दुपारी दत्तोबाची गाडी फाट्यावर थांबली आणि तिच्यातून उतरल्या शितोळेबाई! हातात छत्री, खांद्याला पर्स. पाणंदीतला चिखल चुकवत थेट तात्याबाच्या दारात. तात्याबा ताडकन उठला.

"देवघेव बंद आहे," बाई दारातूनच म्हणाल्या. "पुस्तक मी तुम्हाला दिलेलं नाही. आज आमच्या वाचनालयाला सुट्टी आहे. पुस्तक माझ्यासोबत आलंय आणि माझ्यासोबत परत जाईल. मसुद्यात कलम आहे. मोलाचं पुस्तक जबाबदार माणसाच्या समक्ष वाचता येतं." आणि त्यांनी पर्समधून ब्राऊन कव्हर घातलेला तिसरा भाग काढला.

"मसुदाच आहे तो, मंजूर कुठं झालाय?" मी म्हणालो. हो, माझी खोड मोडत नाही!

"मग हरकत घ्या," बाई म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.

बानूबाईनं खाटेवरून हात जोडले. "बाई, मुंग्या चावल्या का वं तुमाला?" हा तिचा पहिला प्रश्न. शितोळेबाई हसल्या. त्या हसू शकतात हे मला तेव्हा कळलं.

मग दर सोमवारी हेच सुरू झालं. बाई खुर्चीवर ताठ बसायच्या आणि तात्याबा त्यांच्या समक्ष वाचायचा. पान उलटताना बोटाला थुंकी लावायला गेला की बाई खाकरायच्या. पुढं त्या खुर्ची सोडून खाटेच्या पायथ्याशी घोंगडीवर बसायला लागल्या. एका सोमवारी गोष्टीत ती थोरली सून परगावी तापानं फणफणून पडली आणि वाचता वाचता तात्याबाचे डोळे भरले. कथेतल्या बाईसाठी नव्हे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला पुढचं अक्षर दिसेना. बाईंनी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचायला लागल्या. तेव्हापासून त्याच वाचायच्या, आणि तात्याबा बानूबाईचे पाय चेपत ऐकायचा. जबाबदार माणसाच्या समक्ष कोण वाचत होतं नि कोण ऐकत होतं, हे दिल्लीवाल्यांनाही सांगता आलं नसतं.

दसऱ्याच्या अलीकडं पुस्तक संपलं. शेवटी ती थोरली सून परत येते. मुलगी मोठी झालेली असते, विहिरीवर पाणी भरत असते. ती आईला ओळखत नाही. वाटसरू समजून तांब्याभर पाणी देते. आई पाणी पिते, तांब्या परत देते आणि नाव न सांगता निघून जाते.

बाईंनी पुस्तक मिटलं. बानूबाई बराच वेळ रडली आणि मग अशी संतापली, की आम्ही घाबरलो, तिला धाप लागायची म्हणून. "लेकीचा तांब्या रिकामा देती व्हय? काय तरी घालावं त्यात! गळ्यातला मनी घालावा, फूल घालावं. लेकीला कळलं असतं की, कुनीतरी आपलं येऊन गेलं!"

"अगं, पान्याच्या तांब्याला कुठं असतोय ह्यो रिवाज," तात्याबा म्हणाला.

"गप बसा तुमी. ती घोंगडी काढा, माझी."

तिची ती माहेरची घोंगडी. तिच्या बापानं लोकर कातरलेली, आईनं सूत कातलेलं. त्यांच्यात घोंगडीला कात्री लावत नाहीत. तात्याबा हातात घेऊन नुसता उभा राहिला. "बाने, कापू नगं," तो म्हणाला. पण ती ऐकणारी होती थोडीच? तिनं सांगितलं तसं त्यानं तुकडा कापला आणि दाभण घेऊन पिशवी शिवली. टाके वाकडे पडले तर तिनं उसवायला लावले. मी म्हणालो, "वैनी, लोकरीला कसर लागते. पुस्तकाजवळ लोकर ठेवता का कधी?" तर म्हणाली, "लिंबाचा पाला घाला. शिकल्याली मानसं तुमी, आन् येवढं ठावं न्हाय?" मला ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. तिला एकदा तरी मला बोलू द्यावं म्हणून.

तिसरा भाग त्या पिशवीत घातला, वर लिंबाचा पाला. तिनं ती शितोळेबाईंच्या हातात दिली. "हिला मुंग्या न्हाय लागत," ती म्हणाली. बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि पदरानं डोळे टिपले. गाडीची वेळ झाली होती, पण त्या उठेनात. शेवटी दत्तोबानं फाट्यावरून भोंगा दिला.

संक्रांतीच्या आधीच बानूबाई गेली. फार हाल न होता, पहाटे झोपेत.

त्यानंतर तात्याबानं खोली उघडली, पण वाचणं सोडलं. दिवेलागणीला मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन बसायचो. तो दिवा लावायचा आणि खाटेकडं बघत बसायचा. मी एकदा पुस्तक त्याच्या पुढ्यात सरकवलं, तर हातानं बाजूला केलं. "मनात वाचायची सवयच न्हाय मला. मोठ्यानं वाचायची हाय. आन् मोठ्यानं कुनाला वाचू?"

फाल्गुन लागला. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो. दत्तोबा फाट्यावर गाडी थांबवून पळत पळत आला. त्याच्या हातात ती घोंगडीची पिशवी होती. "बारामतीच्या बाईंनी दिलीया," म्हणाला आणि तसाच पळाला, प्रवासी ओरडत होते.

तात्याबानं पिशवी मांडीवर घेतली. किती तरी वेळ तो नुसता त्या लोकरीवरून हात फिरवत राहिला. मग तोंड उघडलं. वर लिंबाचा पाला होता, ताजा, त्या दिवशीच खुडलेला. आणि खाली पुस्तक. एक मोठी कादंबरी, भाग पहिला.

दिल्लीची तत्त्वं तोवर आली नव्हती. देवघेव बंदच होती. पण बाईंनी बानूबाईचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं.

तात्याबा ढसाढसा रडला. तिच्या माघारी पहिल्यांदाच असा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझंही काही खरं नव्हतं, खोटं कशाला सांगू! रडून झाल्यावर त्यानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

"आप्पासायेब, घाई न्हाय ना तुमाला? मग बसा, वाचतो," तो म्हणाला. दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि एकदम थांबला. "पर वाचून झाल्याव ही पिशवी रिकामी कशी धाडायची? काय घालू हिच्यात?"

"गूळ सोडून काय पण घाल," मी म्हणालो. "आता पुढं वाच."